एकशे एकतीस आणि वीस

मध्य प्रदेशाच्या देवास जिल्ह्यात, सोनकच्छ तालुक्यात, पीपलरावां नावाचे एक लहानसे नगर आहे. गोमंतकातील वाचकाने त्याचे नाव ऐकले असण्याचे काही विशेष कारण नाही. देवास म्हटले की आपल्याला कुमार गंधर्व आठवतात आणि धार म्हटले की राजा भोज व पवारांची गादी. माळव्याशी आपली ओळख बहुधा तेथेच संपते. परंतु राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा विषय निघाला म्हणजे पीपलरावांचा नागरिक आणि पेडणे किंवा काणकोण येथील नागरिक एकाच तराजूत घातले जातात, आणि तो तराजू कसा धरला आहे हे पाहणे आपल्या हिताचे आहे. पीपलरावां ज्या सोनकच्छ मतदारसंघात मोडते तेथील आमदाराच्या मताचे मूल्य १३१ आहे. आपल्या विधानसभेतील चाळीसपैकी प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य २० आहे. एका आमदाराचे मत दुसऱ्याच्या साडेसहापट जड का, असा प्रश्न कोणी विचारला तर त्यास उत्तर आहे, आणि ते उत्तर घटनेच्या पंचावन्नाव्या कलमात लिहिलेले आहे. प्रश्न पुढचा आहे. हे आकडे बदलण्याची वेळ जवळ येत चालली आहे, आणि त्याविषयी गोमंतकात अक्षरही कोणी उच्चारीत नाही.

आधी हिशेब समजून घेऊ. राज्याची लोकसंख्या घ्यावी, निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने तीस भागावे, जे येईल त्यास पुन्हा एक हजाराने भागावे; हेच त्या आमदाराच्या मताचे मूल्य. सर्व राज्यांतील आमदारांच्या मतांची बेरीज करून ती संसदेच्या निर्वाचित सदस्यांत सारखी वाटली की खासदाराच्या मताचे मूल्य निघते. २०२२ साली हे मूल्य ७०० होते. या मांडणीत एक गंमत आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. मध्य प्रदेशाच्या २३० आमदारांची मिळून ३०,१३० मते होतात आणि तेथील चाळीस खासदारांची २८,०००. म्हणजे विधानसभा आणि संसद यांचे पारडे तेथे जवळजवळ बरोबरीचे आहे. आपल्याकडे चाळीस आमदारांची मिळून ८०० मते, आणि तीन खासदारांची २,१००! राष्ट्रपती निवडण्याच्या कामी आपल्या सबंध विधानसभेपेक्षा आपले तीन खासदार अडीचपटीहून अधिक वजनदार आहेत. शिवाय १९९७ पासून उमेदवारी अर्जावर पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक लागतात. उद्या गोमंतकातील चाळीसही आमदारांनी आणि तिन्ही खासदारांनी एकमताने कोणा गोमंतकीयाचे नाव पुढे करावयाचे ठरवले तरी अर्जावरील सूचकांचा रकानासुद्धा भरणार नाही.

आता पीपलरावांच्या बाजूने हा इतिहास पाहू. धार आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पात्या १९४८ साली मध्य भारत संघात विलीन झाल्या. १९५२ साली पहिली राष्ट्रपती निवडणूक झाली तेव्हा माळव्याने मध्य भारताच्या ९९ आमदारांच्या विधानसभेमार्फत मत दिले. त्या निवडणुकीत बाबू राजेंद्रप्रसादांच्या विरोधात प्रा. के. टी. शहा उभे होते हे अनेकांस ठाऊक असेल. लक्ष्मण गणेश थत्ते हे मराठी नावही त्या उमेदवारांच्या यादीत होते हे बहुतेक विसरले आहेत. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात गेला. त्यानंतरच्या दोन निवडणुका नावापुरत्याच होत्या. १९५७ आणि १९६२ या दोन्ही साली निकालाविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती, म्हणून त्या आपण मागे टाकू.

खरी निवडणूक १९६९ ची. त्या वर्षी ३ मे रोजी डॉ. झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती वराहगिरी व्यंकटगिरी यांनी काही काळ हंगामी सूत्रे सांभाळली आणि स्वतः उमेदवार होण्यासाठी राजीनामा दिला. राष्ट्रपती नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही, असा प्रसंग प्रथमच आला. तेव्हा सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला यांनी राष्ट्रपतींचे कार्य केले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून शिकलेले आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झालेले हे गृहस्थ. काँग्रेसने अधिकृत उमेदवार म्हणून नीलम संजीव रेड्डी यांचे नाव दिले होते. श्रीमती इंदिरा गांधी यांनी सदसद्विवेकबुद्धीस स्मरून मतदान करावे असे आवाहन केले, त्याचा अर्थ गिरींना मते द्यावीत असा होता हे लहान मुलालाही कळत होते. आणि या दोघांच्या झुंजीत तिसरे उभे राहिले ते आमच्या कोकणपट्टीतील चिंतामणराव देशमुख.

महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, पुढे केंद्राचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद ठोकरून देणारे चिंतामणराव १९६९ साली स्वतंत्र पक्षाचे व जनसंघाचे उमेदवार झाले. पुण्यामुंबईच्या मराठी माणसाला तेव्हा काय वाटले असेल हा एक वेगळा विषय आहे. आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते माळव्याविषयी. १९६७ च्या निवडणुकीत मध्य प्रदेशात जनसंघाचे ७८ आमदार निवडून आले होते आणि माळवा हा त्या पक्षाचा बालेकिल्ला होता. मुंबई महाराष्ट्रात असावी की नसावी याच्याशी उज्जैन-देवासच्या आमदाराचे काडीचेही देणेघेणे नव्हते. तरीही मुंबईसाठी राजीनामा देणाऱ्या माणसाला पहिली पसंती द्यावी असा आदेश त्यांच्या पक्षाचा होता. मराठी प्रदेशाच्या अस्मितेचा एक मानकरी माळव्याच्या मतांवर राष्ट्रपतीपदाला उभा राहिला, आणि खुद्द महाराष्ट्राच्या विधानसभेत ज्या पक्षाचे बहुमत होते तो पक्ष रेड्डी आणि गिरी यांच्यात वाटला गेला होता. राजकारणातील निष्ठांची गणिते अशीच असतात.

निकालाचे आकडे मोठे बोलके आहेत. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. निवडून येण्यास ४,१८,१६९ मतांची आवश्यकता होती. ती कोणालाच मिळाली नाहीत. त्यामुळे आपल्या देशाच्या इतिहासात प्रथमच, आणि आजवर एकदाच, दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. देशमुखांच्या व इतर बाद झालेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरून रेड्डींना ९१,८७९ मते अधिक मिळाली आणि गिरींना केवळ १८,५६२. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या मतदारांनी दुसरी पसंती रेड्डींना दिली याचा हा उघड पुरावा. तरीही गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. अंतर १४,६५० मतांचे. आज एकट्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेकडे याच्या दुपटीहून अधिक मते आहेत, एवढे लक्षात घेतले की राज्याची विधानसभा राष्ट्रपती घडवू किंवा पाडू शकते हे बोलणे निव्वळ पुस्तकी ठरत नाही. त्या निवडणुकीने काँग्रेस दुभंगली. आणि ज्या दुसऱ्या पसंतीसाठी निजलिंगप्पांनी जनसंघाकडे व स्वतंत्र पक्षाकडे शब्द टाकला होता, त्या एका शब्दाचे भांडवल करून इंदिराजींनी आपल्याच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध उभे राहण्याचे निमित्त शोधले.

आणि त्या ऑगस्टमध्ये गोमंतक कोठे होता? आमच्याकडे १९६३ पासून विधानसभा होती, लोकनियुक्त सरकार होते, भाऊसाहेब बांदोडकरांसारखा मुख्यमंत्री होता. पण आम्ही केंद्रशासित होतो, आणि घटनेच्या चौपन्नाव्या कलमात केंद्रशासित प्रदेशांच्या विधानसभांना तेव्हा स्थान नव्हते. आमचे खासदार मत देऊ शकत, आमदार नव्हते. दिल्ली आणि पुद्दुचेरी यांच्या आमदारांना हा हक्क देण्यासाठी १९९२ साली सत्तराव्या घटनादुरुस्तीची गरज पडली. गोमंतकाला तो १९८७ च्या ३० मे रोजी घटकराज्य झाल्यामुळे मिळाला. पोर्तुगीजांच्या हाताखालून सुटलेल्या माणसाला मुक्तीनंतरही तब्बल पंचवीस वर्षे आपल्या विधानसभेमार्फत आपला राष्ट्रप्रमुख निवडता येत नव्हता ही गोष्ट आज कोणाच्या ध्यानातही राहिलेली नाही. भाऊसाहेब १९७३ मध्ये गेले. मुख्यमंत्री असून राष्ट्रपतींच्या निवडणुकीत त्यांना आमदार म्हणून एकदाही मत टाकता आले नाही.

१९९२ चा प्रसंग याहून बोधप्रद आहे. त्या वर्षी काँग्रेसने डॉ. शंकरदयाळ शर्मा यांना उभे केले. शर्मा अस्सल भोपाळचे. १९४८-४९ मध्ये भोपाळ संस्थानाच्या विलीनीकरणासाठी नवाबाविरुद्ध झालेल्या आंदोलनात त्यांनी तुरुंगवास भोगला, आणि १९५२ ते १९५६ या काळात ते भोपाळ राज्याचे मुख्यमंत्री होते. संस्थान भारतात यावे म्हणून ज्याने कारागृह पाहिले, त्या माणसाविषयी गोमंतकीय वाचकाला आपलेपणा वाटला तर नवल नाही. मध्य प्रदेशाच्या भूमीतून राष्ट्रपती होण्याची ही पहिलीच वेळ. आणि मध्य प्रदेशाच्या विधानसभेने काय करावयाचे ठरवले? १९९० च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने ३२० पैकी २२० जागा जिंकल्या होत्या आणि सुंदरलाल पटवा मुख्यमंत्री होते. त्या पक्षाचा पाठिंबा मेघालयचे जी. जी. स्वेल यांना होता. भोपाळच्या सुपुत्राच्या विरोधात भोपाळच्या विधानसभेतील बहुमत उभे राहिले. शर्मा अन्य राज्यांच्या बळावर स्वेल यांच्या जवळजवळ दुप्पट मते घेऊन निवडून आले.

यात चुकले कोणाचे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या प्रांतातला म्हणून मत द्यावे हा काही घटनेचा आदेश नाही. पण पुढे जे घडले ते कोणत्याही कादंबरीकारास सुचले नसते. त्याच वर्षी ६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पडली आणि १५ डिसेंबरला मध्य प्रदेश, राजस्थान व हिमाचल प्रदेश येथील सरकारे बरखास्त झाली. पटवा सरकारच्या बरखास्तीच्या घोषणेवर सही होती ती भोपाळच्याच राष्ट्रपतींची. पटवा न्यायालयात गेले; १९९३ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती घोषणा अवैध ठरवली, आणि १९९४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई प्रकरणातील आपल्या निर्णयात ती पुन्हा वैध ठरवली. राज्य सरकारे बरखास्त करण्याच्या अधिकारावर आज जी काही बंधने आहेत ती बहुतांशी त्याच निकालातून आलेली आहेत. राष्ट्रपतीपद हे शोभेचे पद आहे असे जे म्हणतात त्यांनी भोपाळच्या या दोन वर्षांचा इतिहास एकदा वाचावा. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात हे खरेच; परंतु सही त्यांची असते, आणि त्या सहीवर दोन न्यायालयांत युक्तिवाद होतात. १९९६ साली त्रिशंकू लोकसभा आली तेव्हा अटलबिहारी वाजपेयी यांना सरकार बनवण्यास बोलावले तेही शर्मांनीच. ज्या पक्षाच्या आमदारांनी चार वर्षांपूर्वी त्यांच्याविरुद्ध मते टाकली होती त्याच पक्षाच्या, आणि ग्वाल्हेरात जन्मलेल्या नेत्याला! तेरा दिवसांत ते सरकार गेले हा भाग निराळा.

महाराष्ट्राने याच्या नेमके उलट केले. २००७ मध्ये श्रीमती प्रतिभाताई पाटील यांची उमेदवारी जाहीर झाली तेव्हा शिवसेना राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होती आणि त्या आघाडीचा पाठिंबा भैरोसिंह शेखावत यांना होता. बाळासाहेब ठाकरे यांनी मराठी व्यक्ती राष्ट्रपती होत आहे या एका कारणासाठी आघाडी बाजूस ठेवून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. महाराष्ट्रातील एका आमदाराचे मूल्य १७५; उत्तर प्रदेशाच्या खालोखाल सर्वांत मोठा, ५०,४०० मतांचा गठ्ठा त्या विधानसभेकडे आहे. भोपाळने पक्ष पाहिला, मुंबईने प्रांत पाहिला. आम्हांस विचाराल तर दोन्हींपैकी एकही कसोटी पुरेशी नाही. पण दुसरीत निदान पक्षादेशापलीकडे पाहण्याची काही शक्ती दिसते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मतदान गुप्त असते आणि पक्षादेश लागू होत नाही. पक्षांतरबंदीचा कायदाही तेथे आड येत नाही. ही मोकळीक घटनाकारांनी विचारपूर्वक दिलेली आहे, आणि आमदारांनी ती क्वचितच वापरली आहे.

वापरली गेल्याचे एक उदाहरण २०२२ चे. श्रीमती द्रौपदी मुर्मू यांच्या रूपाने आदिवासी समाजातील व्यक्ती प्रथमच राष्ट्रपती होत होती. त्याआधी १९९२ मध्ये स्वेल आणि २०१२ मध्ये पूर्णो संगमा हे ईशान्येतील आदिवासी समाजाचे दोन उमेदवार पराभूत झाले होते. धार जिल्ह्यात भिल्ल-भिलालांची वस्ती मोठी आहे, झाबुआ-अलीराजपूरची गोष्टच नको. मतमोजणीनंतर मध्य प्रदेशात विरोधी बाकांवरील काही मतेही मुर्मूंना मिळाल्याचे स्पष्ट झाले. ती कोणाची हे गुप्त मतदानामुळे सांगता येत नाही आणि सांगण्याची गरजही नाही. त्यामागे पैसा होता असेही आरोप झाले. आरोप करणे सोपे असते. पण पिढ्यान्पिढ्या बाजूस पडलेल्या समाजातील एखाद्या आमदारास आपल्यातील बाईला मत द्यावेसे वाटले तर त्यामागे पैसाच असला पाहिजे, असे गृहीत धरणाऱ्यांनी आपले मन एकदा तपासावे. आपल्याकडे मात्र गुप्त मतदानाची वाट पाहण्याइतका धीर कोणास नसतो. २०१९ च्या जुलैत दहा आणि २०२२ च्या सप्टेंबरात आठ काँग्रेस आमदार दिवसाढवळ्या पलीकडे गेले.

असो. आता मूळ आकड्यांकडे वळू. मताचे मूल्य काढताना जी लोकसंख्या धरतात ती आजची नव्हे, १९७१ ची. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती गोठवली. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांचे नुकसान होऊ नये हे कारण. जनता सरकारने त्या दुरुस्तीतील बरेच काही पुसून टाकले, हे पुसले नाही. पुढे २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने मुदत वाढवून २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत नेली. म्हणजे २०२२ साली राष्ट्रपती निवडताना गोमंतकाची लोकसंख्या ७,९५,१२० धरली गेली आणि मध्य प्रदेशाची, छत्तीसगड वेगळे केल्यावर, ३,००,१६,६२५. १९७१ नंतर जन्मलेल्या माणसाचा या हिशेबात पत्ताच नाही.

नवे आकडे यावयाचे आहेत. तोपर्यंत २०११ च्या जनगणनेवर हिशेब करून पाहू. मध्य प्रदेशातील आमदाराचे मूल्य १३१ वरून ३१६ होईल. केरळचे १५२ वरून २३९. तमिळनाडूचे १७६ वरून ३०८. आपले २० वरून ३६. आज केरळ आणि तमिळनाडूच्या आमदारांच्या खाली असलेला सोनकच्छचा आमदार उद्या त्या दोघांच्याही वर जाईल, आणि आपल्या साडेसहापट असलेला तो जवळजवळ नऊपट होईल. समुद्रकाठच्या बहुतेक राज्यांचे वजन घटेल आणि विंध्याच्या दोन्ही बाजूंचे वाढेल.

येथे आमच्याच वाचकांपैकी अनेकांना राग येईल असे एक विधान करणे भाग आहे. पीपलरावांच्या नागरिकावर आज अन्याय होत आहे. २०११ ची लोकसंख्या धरली तर मध्य प्रदेशातील सुमारे २,४१० माणसांमागे विधानसभेचे एक मत पडते; गोमंतकात सुमारे १,८२३ माणसांमागे; केरळात सुमारे १,५७० माणसांमागे. राष्ट्रपती हे सर्व प्रजेचे, आणि राज्याराज्यांतील मतांत शक्य तितकी समानता असावी असे पंचावन्नाव्या कलमाचे शब्दच आहेत. माळव्यातील शेतमजुराच्या मुलाला, तो १९७१ नंतर जन्मला एवढ्याच कारणास्तव, मोजणीतून वगळावे याचे समर्थन आम्हांस करता येत नाही. जो न्याय आपण घटकराज्य होण्यापूर्वी दिल्लीकडे मागत होतो तोच हा आहे.

पण याचा अर्थ लोकसभेच्या जागांचे वाटपही डोळे मिटून त्याच मापाने व्हावे असा कोणी काढू नये. लोकसभेत माणसे बसतात, तेथे कायदे होतात, पैसा वाटला जातो. तेथे एका राज्याची एक जागा कमी होणे म्हणजे एक आवाज कमी होणे. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत राज्याचा आवाज कोणी काढून घेत नाही, फक्त त्याचे वजन बदलते. हे दोन प्रश्न घटनेच्या वेगवेगळ्या कलमांत आहेत आणि ते वेगवेगळे सोडवता येतात. दिल्लीतील चर्चा पाहता मात्र दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून एकदम मांडले जाण्याचा संभव अधिक दिसतो, आणि तसे झाले म्हणजे दक्षिण विरुद्ध उत्तर अशी आरडाओरड होऊन दोन्हींचाही नीट विचार होणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, गोव्याच्या विधानसभेने या प्रश्नावर एक दिवस द्यावा. राष्ट्रपतींच्या मतमूल्यासाठी ताजी लोकसंख्या धरण्यास गोमंतकाची हरकत नाही, परंतु लोकसभेतील आपल्या दोन जागांस आणि राज्यसभेतील एका जागेस धक्का लागता कामा नये, असा ठराव तिने करावा. विरोधी पक्ष यास पाठिंबा देण्यास कां कूं करतील असे आम्हांस वाटत नाही, आणि सत्ताधारी पक्षाने दिल्लीच्या इशाऱ्याची वाट पाहू नये. पुढील राष्ट्रपती निवडणूक २०२७ च्या जुलैपर्यंत व्हावयाची आहे. नव्या जनगणनेचे आकडे तोपर्यंत छापून येण्याची शक्यता कमी असल्याने ती बहुधा जुन्याच मूल्यांवर होईल, आणि आपल्या चाळीस आमदारांच्या हाती पुन्हा एकदा त्या गुलाबी मतपत्रिका येतील.